होडी पाण्यात, चिरंजीव घामात

बीव्हर्टन, ओरेगन
ऑगस्ट 2025

ती. आई आणि ती. अप्पा यांस,


तुमच्या चिरंजीवांनी होडी घेतल्याचं तुम्हाला फोटोवरून कळलंच आहे. फोटोत ती पाण्यावर मोठ्या डौलात दिसते. रस्त्यावरून ती पाण्यात कशी गेली याचा फोटो मात्र नाही, कारण त्या वेळी माझ्या दोन्ही हातांत दोर होता आणि आमच्या घरात फोटो काढणारं माणूस मीच. गुहागरच्या आत्या फोनवर म्हणाल्या, "एवढं काय गं त्यात? होडी लोटायची नि बसायचं!" आत्यांना नमस्कार सांगा आणि हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

होडी सोळा फुटी, ॲल्युमिनियमची, सेकंडहँड. मागे पंचवीस हॉर्सपॉवरचं मशीन. दहाच्या वरचं मशीन असेल तर ओरेगनमध्ये परीक्षा देऊन कार्ड घ्यावं लागतं. हे पास झाले आणि ऑफिसात डोनट वाटून आले. त्या परीक्षेत कोणत्या बाजूने येणाऱ्या बोटीला वाट द्यायची, लाल दिवा कुठे, हिरवा कुठे, सगळं विचारतात. ट्रेलर उलटा कसा घ्यायचा हे कुणी विचारत नाही. खरी परीक्षा ती, आणि ती चारचौघांत द्यावी लागते.

नदी म्हणजे कोलंबिया. कॅनडातल्या डोंगरांत उगम पावून सुमारे दोन हजार किलोमीटर वाहते आणि ॲस्टोरिया गावापाशी पॅसिफिकला मिळते. आमच्याकडून गाडीने दोनेक तास. मुखाजवळ पात्र इतकं रुंद आहे की तिथला 1966 चा पूल चार मैलांहून लांब भरतो. अप्पांसाठी मुद्दाम लिहिते: आपल्या वाशिष्ठीला भरती चढते ती गोवळकोटापर्यंत. इथे समुद्राची चढउतार पार बॉनव्हिलच्या धरणापर्यंत जाणवते, म्हणजे 235 किलोमीटर आत. पुढे धरण आडवं येतं.

ऑगस्टात सालमन समुद्रातून या नदीत शिरतात. जिथे जन्मले त्या ओढ्यापर्यंत जायचं, अंडी घालायची आणि मरायचं, एवढाच त्यांचा कार्यक्रम. नदीत वर चढायला लागले की ते खाणं सोडतात. मुखापाशी असतात तोवर मात्र वखवखलेले असतात, म्हणून गळ टाकणारे सगळे मुखापाशीच गोळा होतात. दहा नंबरच्या बोयापासून आतला सगळा पट्टा त्या दिवसांत होड्यांनी भरून जातो. आई, बोया म्हटल्यावर तुमचा जीव वर जाईल, म्हणून आधीच सांगते. मुखावर वाळूचा मोठा दांडा आहे, तिथे नदीचा लोट आणि समुद्राच्या लाटा समोरासमोर येतात आणि आजवर शेकडो जहाजं बुडाली आहेत. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने खवळलेल्या लाटांत बचावबोट चालवायला शिकवणारी शाळा तिथेच काढली आहे, यावरून काय ते समजा. आम्ही तिकडे फिरकत नाही. आम्ही पुलाच्या आतल्या बाजूला, जिथे किनारा दिसतो आणि फोनला रेंज असते, तिथेच.

मुहूर्त धरला नारळी पौर्णिमेचा. आदल्या रात्री अप्पांचा मेसेज आला: "पौर्णिमा. तिथीची पाऊणपट, सव्वाअकरा. सव्वाअकराला पूर्ण भरती." अप्पा, तुमच्या या हिशोबावर चिरंजीवांची इतकी श्रद्धा की सरकारी भरतीचं कोष्टक फोनमध्ये असून त्यांनी ते उघडायलाच नकार दिला. सव्वाअकरा झाले, बारा झाले, पाणी आपलं चढतंच आहे. हिशोब आपल्या किनाऱ्याचा आणि समुद्र पॅसिफिक! इथे दिवसातल्या दोन भरत्या एकमेकींच्या बरोबरीच्या नसतात, एक थोरली, एक धाकटी. ओहोट्यांचंही तेच. त्यात नदीचं पाणी वरून उलट रेटा देतं. शिवाय उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे ओढून ठेवतात, ते पंचांगाला कुठून कळणार? उधाणाचं मात्र तुमचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. पौर्णिमेची ओहोटी काय ओढते, ते माझ्या तळव्यांना विचारा.

आता रॅम्प. रॅम्प म्हणजे पाण्यात उतरत गेलेला सिमेंटचा उतार. गाडीच्या मागे ट्रेलर, ट्रेलरवर होडी. गाडी उलटी घेत घेत ट्रेलरची चाकं पाण्यात जाईपर्यंत मागे जायचं, होडी तरंगली की दोराने ओढून बाजूच्या धक्क्याला बांधायची आणि गाडी वर आणायची. लिहायला सोपं आहे. पण उलटं जाताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो. (अशी माणसं आपल्याही घरात आहेत. नावं लिहीत नाही, पत्र सगळे वाचतात.) त्यावर तोडगा असा की हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा, म्हणजे हात जाईल तिकडे ट्रेलर जातो. एका रविवारी सकाळी बंद ऑफिसच्या मोकळ्या पार्किंगमध्ये यांनी सराव केला आणि तिथे फार सुरेख जमलं. तिथे बघायला कुणी नव्हतं.

रॅम्पवर पहाटेपासून पिकअपांची रांग. प्रत्येक पिकअपमध्ये एक कुत्रा आणि कॉफीचा थर्मास. इथला शिरस्ता असा की रांगेत असतानाच सगळी तयारी उरकायची: पट्टे सोडायचे, सामान होडीत भरायचं, बूच लावायचं. उताराच्या तोंडाशी जाऊन पिशव्या उघडणाऱ्याला कुणी बोलत नाही. सगळे नुसते बघतात. शिव्या परवडल्या.

बुचाचं सांगायलाच हवं. होडीच्या मागच्या बाजूला तळाशी एक भोक असतं, आत साचलेलं पाणी काढायला. एका पाण्यातले नको ते जीव दुसऱ्या पाण्यात जाऊ नयेत म्हणून ओरेगनचा कायदा म्हणतो की रस्त्यावर होडीचं बूच काढलेलं पाहिजे. पाण्यात काय पाहिजे ते कायद्याने सांगायची गरज नाही. आमच्या पुढच्या गृहस्थांची होडी झोकात उतरली, आणि मग हळूहळू आणखी उतरू लागली. आमच्याकडे हे खातं चिमीकडे आहे. बूच ती दोरीला बांधून गळ्यात घालते आणि लावून झाल्यावर बापाची वहीत सही घेते. लाईफ जॅकेट मात्र तिला नको होतं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना चालत्या होडीत ते अंगावर घालावंच लागतं, हे तिला कायद्याच्या भाषेत सांगितलं तेव्हा पटलं. आईच्या भाषेत पटलं नव्हतं.

आमचा नंबर सकाळीच आला, तेव्हा ओहोटी ऐन भरात. उताराचा खालचा शेवाळलेला भाग उघडा पडलेला. चिरंजीव मागे आले तर ट्रेलर डाव्या धक्क्याकडे तोंड करून थांबला. पुढे जाऊन पुन्हा आले तर उजव्या धक्क्याकडे. मागची रांग बघत होती, कुत्र्यांसकट. शेवटी रबरी बूट घातलेले एक आजोबा आले आणि काचेवर टकटक करून म्हणाले, "एकाच आरशात बघ. आणि हळू." त्यांचे आजोबा फिनलंडहून ॲस्टोरियाला आले होते, जाळं लावून सालमन धरायला. तेव्हा या काठावर मासा डब्यात भरायचे कारखानेच कारखाने होते, कोलंबियावरचा पहिला 1866 मधला. तीन पिढ्या रॅम्पवर काढलेला माणूस. त्यांच्या एका वाक्यावर ट्रेलर सरळ पाण्यात गेला. पार्किंगमधला सराव फुकट म्हणत नाही, पण नाक्यावरच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलसारखी इथे ट्रेलरची शिकवणी कुणी काढली तर मी पैसे घालायला तयार आहे.

होडी तरंगली, आणि ओहोटीने तिला समुद्राकडे ओढायला सुरुवात केली. दोराच्या दुसऱ्या टोकाला मी. हे गाडीतून ओरडले, "धर!" मग "सोड!" मग पुन्हा "धर!" मी आपला धरूनच ठेवला. दाभोळला होडी लोटताना खाली ओंडके आणि दोन्ही बाजूंना वीस माणसं, एका हाळीवर जोर लावणारी. इथे सगळं नवराबायकोने करायचं. रॅम्पवर दिवसभर बसलं तर कुणाचा संसार कसा चाललाय याचा चांगला अंदाज येतो.

पात्रात जरा स्थिरावल्यावर नारळ. भारतीय दुकानातून शेंडीसकट आणला होता. यांनी हात जोडले, मी हळदकुंकू वाहिलं, आणि नारळ कोलंबियामाईला अर्पण केला. पाच मिनिटांत शेजारच्या होडीतल्या बाई मासे काढायच्या जाळ्यात नारळ घेऊन हजर. "तुमचा पडला बहुतेक!" म्हणाल्या. आम्ही आभार मानून घेतला. काय करणार? पुन्हा टाकला असता तर त्यांनी पुन्हा आणला असता. इतक्या भल्या बाई.

मग मासे. आमिषाला हेरिंग, म्हणजे आपल्या तारलीच्या नात्यातलीच, निळीजांभळी रंगवून विकतात. पुढे एक चमकती पट्टी गरगर फिरते, तिला भुलून मासा येतो म्हणे. पहिला आला तो कोहो सालमन, चांगला हातभर. चिमी नाचायला लागली. पण इथे मासा वर आला की आधी पाठीवर शेपटाजवळचा छोटा मांसल पर बघायचा. मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा तो पर कापून सोडतात. कापलेला असला तर कोहो घरी न्यायचा, शाबूत असला तर तो नदीचा, मुकाट्याने परत. आमच्याचा शाबूत होता. दुसरा गळाला लागला तो सी लायनने अर्ध्या वाटेतच नेला. आमच्याकडे आलं ते नुसतं डोकं. सी लायनला 1972 च्या कायद्याने संरक्षण आहे, तेव्हा ओरडायचंही जपून. तिसऱ्याला पर नव्हता. त्याची नोंद परवान्याबरोबरच्या टॅगवर लगोलग करायची असते. यांचे हात थरथरत होते, म्हणून ती चिमीने केली.

परत ट्रेलरवर चढताना पाणी चांगलं वर आलेलं, उतार छोटा झालेला, आणि होडी पहिल्या फटक्यात चढली. तेव्हा रॅम्पवर बघायला कुणीच नव्हतं, याचं यांना अजून वाईट वाटतं. घरी येऊन होडी, ट्रेलर, मशीन सगळं गोड्या पाण्याने धुतलं. पेट्रोल, परवाने आणि आमिष धरून तो मासा आम्हाला सोन्याच्या भावाने पडला. दुकानात त्याच पैशांत पाचसहा आले असते. हा हिशोब मी केला आहे, यांना दाखवलेला नाही. तुम्हीही बोलू नका.

तुकडे आगळ, हळद, तिखट लावून तव्यावर भाजले आणि बाकीच्याचं कालवण केलं, नदीने परत केलेला नारळ वाटून. मासा तेलकट आहे, त्यामुळे नारळ जरा कमीच घालावा लागतो, आणि आंबट मात्र सढळ. मला विचाराल तर तव्यावरचा चांगला. कालवणाला आपला बांगडाच.

पुढच्या ऑगस्टात तुम्ही दोघं या. पाहुण्यांना दिवसापुरताही परवाना मिळतो, अप्पांचा काढून ठेवू. हिशोबाची वही त्यांनी जरूर आणावी, इथली भरती त्यात बसवता आली तर बघू. आगळाच्या बाटल्या तेवढ्या चेक-इनच्या बॅगेत घाला. हातातल्या बॅगेतून विमानतळावर काढून घेतात.

तुमची,
सूनबाई