नारिंगीचं घर आणि आमची गॅलरी

मे महिन्यातली सकाळ. कुरडयांची ताटं गॅलरीत मांडून मी कावळे हाकत बसले होते. आमच्या गिरगावातल्या चाळीत कुंपण कुठलं असायला? दोन बिऱ्हाडांच्या मधे कमरेइतकी फळी आणि पुढे सामाईक कठडा. साखरेची वाटी आणि बातमी, दोन्ही त्या फळीवरूनच ये-जा करतात.

"ऐकलंस का," शेजारच्या काकूंनी फळीवर कोपर टेकलं, "आमच्या पुतण्याने तिकडे लंडनजवळ घराला ऑरेंजरी काढली."

"संत्र्यांचा धंदा सुरू केला की काय?"

"धंदा कसला, खोली आहे ती! हे बघ." काकूंनी मोबाइल पुढे केला. परसाकडच्या बाजूला ओकच्या लाकडाची दणदणीत चौकट, खांबाखांबांमधे उंच तावदानं, छताच्या मधोमध काचेचा उंचवटा. आत वेताच्या खुर्च्या. बाहेर करडं आभाळ.

"संत्री कुठायत यात?"

"संत्री नाहीत. कढीपत्त्याची कुंडी आहे. तिकडच्या थंडीत बाहेर ठेवली की मरते म्हणे. सुनेनं सहा वर्षं जपलीय."

पलीकडच्या खोलीतून नाना खाकरले. नानांचं सगळं आयुष्य रे रोडला लाकडाच्या वखारीत गेलं. त्यामुळे लाकूड हा शब्द कुठेही उच्चारला की ते उगवतातच.

"बरोबरच आहे ते," नाना म्हणाले. "त्या घराचा जन्मच मुळी झाडासाठी. युरोपात नारिंगीची झाडं म्हणजे श्रीमंती, पण थंडीत टिकायची नाहीत. मग ती लाकडी पिंपांत लावायची, उन्हाळ्यात बागेत, हिवाळ्यात आत. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने व्हर्सायला 1684 ते 1686 अशी दोन वर्षं खपून असं प्रचंड घर बांधून घेतलं. तोंड दक्षिणेला, म्हणजे हिवाळ्यातलं तिरपं ऊन आत शिरेल. राजे गेले, नाव राहिलं."

"आणि छपरासकट सगळी काच असली की ती कन्झर्व्हेटरी," काकूंनी भर घातली. "सुनेनं मला फोनवर दोनदा समजावलं. जाड खांब, सपाट छत आणि मधे काच असली की ऑरेंजरी. तिला कन्झर्व्हेटरी म्हटलेलं खपत नाही हो!"

"परवानग्या?" नानांना लगेच कागद आठवले.

"मागच्या अंगाला, एकमजली, मापात असली तर वेगळी परवानगी बहुधा लागत नाही म्हणाला. जोडघर असेल तर तीन मीटर बाहेर, सुटं असेल तर चार. पण शेजाऱ्याला मात्र रीतसर लेखी नोटीस! त्याच्या घराला लागून पाया खणायचा तर 1996 चा कायदाच आहे तिकडे, सामाईक भिंतीचा."

"शेजाऱ्याला लेखी विचारायचं?" मी म्हटलं.

काकूंनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज उतरवला. खरी बातमी आता येणार होती.

"नाहीतर आपले कोपऱ्यातले. बघितलंस ना? गॅलरीचं टोक अडवलं. लाकडी चौकट मारून काच बसवतायत. आपल्याला चकार शब्द नाही. म्हणे पुतण्याच्या ऑरेंजरीचा फोटो मीच दाखवला होता!"

म्हणजे साथ लंडनहून आमच्या मजल्यावर आली ती काकूंच्याच मोबाइलमधून. हे मी बोलले नाही.

नाना मात्र गंभीर झाले. कठड्याला हात लावून म्हणाले, "हे सागवान आहे. एके काळी रंगून-मौलमीनकडून बोटींनी मुंबईत येत असे, तसलं. अंगच्या तेलामुळे वाळवी सहसा याच्या वाटेला जात नाही. चाळी पाडतात तेव्हा विटा भरावात जातात, सागवान वखारीत येतं आणि पुन्हा विकलं जातं. लाकडाची भीती नाही मला. भीती काचेच्या वजनाची."

"काचेला कसलं वजन?"

"हिशेब सोपा. एक चौरस मीटर काच, जाडी एक मिलिमीटर, तर अडीच किलो. सहा मिलिमीटरची घेतली की पंधरा. कोपऱ्यातल्यांचा अडसर दहा फूट बाय आठ फूट धरा. नुसती काच एकशे दहा किलोच्या पुढे. वर चौकट. आणि पेलायचं कोणी? भिंतीतून बाहेर आलेल्या तुळयांच्या टोकांनी. त्यांत पावसाचं पाणी किती वर्षं मुरलंय, देवाला ठाऊक. तुझ्या पुतण्याची खोली जमिनीवर उभी आहे गं. ही हवेत आहे."

मग नाना नेहमीप्रमाणे इतिहासात शिरले. 1896 ला प्लेग आला, 1898 ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, तिथून सुरुवात. दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ट्रस्टच्याच आखणीतल्या. ट्रस्टचे ऑर साहेब उजेड आणि वारा यांच्या मागे हात धुऊन लागले होते. साडेत्रेसष्ट अंशांचा त्यांचा नियम. साध्या भाषेत, इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी जागा पुढे मोकळी हवी, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीतूनही आभाळ दिसेल.

"माणसं अंधारात, कोंदट हवेत मरत होती म्हणून हा सगळा खटाटोप," नाना म्हणाले. "आणि आपण शंभर वर्षांनी गॅलऱ्या बुजवतोय."

"आपल्या चाळीला कुठे ट्रस्टनं बांधलं?"

"नसेल. पण गॅलरी कशाला असते ते चाळ बांधणाऱ्यालाही कळत होतं. दुपारचं ऊन गॅलरीवर पडावं, खोलीच्या भिंतीवर नाही. पावसाची झड कठड्यावर आपटावी, उंबऱ्यावर नाही. खोताच्या वाडीत जाऊन बघ. जी काही बंगलेवजा घरं उरलीत त्यांना पुढे लाकडी व्हरांडा आहेच. ती आपली ऑरेंजरी. फरक एवढाच, त्यांची ऊन पकडते, आपली ऊन अडवते."

"काचघर काही आपल्या देशात नाहीच असं नाही," मी म्हटलं. "लालबागला आहे की, केवढं मोठं."

"लालबागला?" काकू चमकल्या. "माझं माहेर लालबागचं! चिवडा गल्ली आहे, मसाल्याच्या गिरण्या आहेत, काचघर कुठून आलं?"

"बंगळूरचं लालबाग हो काकू. 1889 चं आहे, लोखंडाचं."

"मग तसं म्हण ना! बंगळूरला हवा थंड. आमच्या लालबागला काचघर बांधलं तर आत मिरच्या वाळत घालतील."

वाळवणाचा विषय निघाला आणि काकूंना आपला गुन्हा कबूल करावा लागला. कोपऱ्यातल्यांची अर्धी चौकट काचेसकट उभी राहिली, तेव्हा काकूंनी पहिलं ताट गुपचूप तिथेच नेऊन ठेवलं होतं. कावळा नाही, धूळ नाही. दोन दिवसांनी बघतात तर कुरडया वरून कडक, पोटात ओल्या आणि वास आंबूस. काचेतून ऊन आलं, पण पिठातलं पाणी बाहेर न्यायला वारा नव्हता. शेजारच्या दोन मनीप्लँटची पानं उकडल्यासारखी झालेली. काकूंनी ते ताट कोणाला न सांगता फेकलं. आता सगळ्या मजल्याला कळलं.

"तक्रार करायची का मग?" काकूंनी विचारलं. "पालिकेची नोटीस येते म्हणे."

"येऊ शकते," नाना म्हणाले. "राहत्या जागेचं 17 एप्रिल 1964 च्या आधीचं बांधकाम पालिका सहन करते. हे तर या महिन्यातलं. शिवाय आपली इमारत उपकरप्राप्त. मालक एक, दुरुस्ती मंडळ दुसरं, आणि गॅलरी सगळ्यांची. वाटेवरच अडसर. उद्या आग लागली तर माणसं पळणार कुठून?"

एवढ्यात कोपऱ्यातल्या वहिनी धुणं घेऊन बाहेर आल्या. आम्ही तिघंही कुरडयांकडे बघायला लागलो. वहिनींना काय ते कळलंच असावं. कपडे झटकता झटकता त्या आमच्याकडे न बघताच म्हणाल्या, "थोरल्याचं ठरलंय, काकू. तुळशीचं लग्न झालं की करायचं. दहा बाय बाराची खोली. आम्ही दोघं, धाकटा, सासूबाई. नव्या जोडप्याला कुठे निजवू, सांगा."

कोणी काही बोललं नाही. बीडीडीच्या चाळीत एकशेसाठ चौरस फुटांत दोन-दोन पिढ्या वाढल्या. वरळीला 2025 साली त्या चाळकऱ्यांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळायला लागल्या तेव्हा लोक का रडले, ते अशा वेळी कळतं. पुतण्याने काच लावली ती हौस. वहिनी लावतायत ती नड. हौसेला नावं ठेवता येतात, नडीला कोणत्या तोंडाने ठेवायची?

शेवटी नानाच उठले. आपल्या खोलीची खिडकी त्यांनी बाहेरून दाखवली: जुनी, तिरप्या पट्ट्यांची. मधली दांडी खाली ओढली की पट्ट्या मिटतात, वर ढकलली की उघडतात. मिटल्यावरही फटींतून वारा येतो. ऊन आणि झड मात्र बाहेर.

"काच परत कर," ते वहिनींना म्हणाले. "मोडीच्या सागवानाची अशा दोन झडपा मिळतात, मी येतो वखारीत. पण गॅलरीत नाही हं, वाट मोकळी राहू दे. खोलीच्या आत, पोटमाळ्याखाली आडोसा करू. फळ्यांच्या कडेला नखभर फट सोडायची. पावसाळ्यात लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. फट नसेल तर जुलैत झडप अडकते आणि माणसं सुताराला शिव्या देतात."

वहिनींनी "बघू" म्हटलं. बघू म्हणजे नाही, असा आमच्या चाळीतला अनुभव. पण दुसऱ्या दिवशी काचवाल्याचा टेंपो आला आणि भरलेलाच परत गेला.

गॅलरीला काच लावायचा विचार ज्यांच्या मनात असेल त्यांना माझं एकच सांगणं. आधी मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, तिथे खुर्ची टाकून अर्धा तास बसा. वारा लागला तर तो कुठून येतोय तेवढं बघून ठेवा. काच नेमकी तिथेच बसणार असते.