रमविना मोहितो, संत्र्याविना वरूड

मोहितो मूळचा क्यूबाचा: पांढरी रम, लिंबू, साखर, पुदिना, सोडा. रम काढली, साखर वगळली आणि पालक कोंबला की तो ‘हेल्दी’ होतो. ही हिरवी स्मूदी आता वरूडच्या मिक्सरातही घरघरू लागलीय. तिच्यात वर ॲव्होकॅडो हवा, किवी हवी, चिया हवा. म्हणजे पेल्यातल्या निम्म्या जिनसांनी पिणाऱ्यापेक्षा जास्त जग पाहिलेलं!

विदर्भाचं कॅलिफोर्निया म्हणवणाऱ्या या गावात संत्र्याला मात्र पेल्यात मज्जाव. का, तर नारिंगी रस पडला की हिरवा रंग मातकट होतो आणि फोटो बिघडतो. पालकातलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते, ते परसात झाडाला लटकलंय. पण परसातल्याची पत ती काय? (लिंबाला प्रवेश आहे, त्याची ओळख थेट हवानापर्यंत.)

“काहून वं पोरी, ढोराचा चारा दयला काय?” आजी विचारते. उत्तर मिळत नाही. फोटो चाललेला असतो.

तिकडे बागाईतदाराला आंबिया बहाराची फळगळ आणि बांगलादेशाचं आयातशुल्क एवढ्यानेच गरगरतं. त्याच्या पेल्यात रम घातली काय अन् काढली काय.