रविवारला अर्धं पान

वर्षाला ५२ पुस्तकं वाचायची, हा आकडा जानेवारी उजाडला की सगळीकडे फिरू लागतो. आठवड्याला एक पुस्तक. माझी पहिली तक्रार या आकड्याबद्दल आहे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) हातात धरली तर वजन जाणवत नाही. भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू’ (२०१०) सहाशे पानांच्या घरात जाते. मोजणीत दोन्ही एकेकच. बरं, ‘रणांगण’ छोटी म्हणून लवकर संपते, असंही नाही. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेल्या बोटीवरची चक्रधर आणि हॅर्टाची ती गोष्ट वाचून झाली की दुसऱ्या दिवशी नवं पुस्तक उघडवत नाही. उघडूही नये. पण आकडा पाळणाऱ्याला उघडावंच लागतं. मग डिसेंबरात माणसं पातळ पुस्तकं शोधत कपाटांपुढे फिरतात आणि सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’चे खंड जागचे हलत नाहीत.

वाचनाची नोंद ठेवणारं एक ॲप मी फोनमध्ये घेतलं होतं. ते मला कळवायचं की मी तीन पुस्तकं मागे आहे. मी त्या वेळी एक चांगलं प्रकरण दुसऱ्यांदा वाचत होते. त्याची नोंद करायला तिथे जागा नव्हती. ॲप काढून टाकलं.

लिहिण्याचं उद्दिष्ट तर थेट शब्दांत मोजतात. अमेरिकेत १९९९ साली काही लोकांनी एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायचा उपक्रम सुरू केला, पुढच्या वर्षापासून तो नोव्हेंबरात होऊ लागला आणि जगभर पसरला. रोजचे साधारण १,६६७ शब्द. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून लिहितात, त्यामुळे तोच मजकूर इंग्रजीपेक्षा कमी शब्दांत बसतो. म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याला तोच आकडा गाठायला जास्त लिहावं लागतं. शिवाय नोव्हेंबरात दिवाळीचे पाहुणे नुकतेच गेलेले असतात, किंवा अजून असतात.

आता डायरी. नव्या वर्षाची जी डायरी भेट मिळते, तिच्यात सोमवार ते शुक्रवार रोज एक पान आणि शनिवार-रविवार मिळून एक. म्हणजे रविवारला अर्धं पान. नोकरी करणारा माणूस निवांत लिहायला बसतो तो रविवारी, आणि नेमकी त्याच दिवशी जागा कापलेली. मजकूर पुढे न्यावा तर तिथे सोमवारची तारीख छापलेली. मधल्या वारांची पानं मात्र कोरीच राहतात, कारण त्या दिवशी घरी यायलाच रात्रीचे साडेआठ वाजतात. कागद इतका पातळ की शाईचं पेन मागच्या बाजूला उतरतं. सुरुवातीला सुट्ट्यांची यादी आणि शहरांमधली अंतरं यांना मात्र ऐसपैस पानं. दुकानात विकत घेऊ म्हटलं तरी बहुतेक डायऱ्या अशाच. डायरीत लिहिणारा माणूस छापणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कधी आलाच नसावा. त्यांना फक्त भेटीच्या वेळा टिपणारा दिसतो.

शिस्तीचा विषय निघाला की अँथनी ट्रोलपचं उदाहरण हमखास देतात. हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करायचा, पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा आणि समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचा. हे सगळं खरं आहे. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यानेच लिहून ठेवलंय. पण तिथेच त्याने आणखी एक गोष्ट सांगितली आहे आणि ती कोणी सांगत नाही. त्याला वेळेवर उठवायला एक म्हातारा नोकर होता. या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जास्त मिळत. तो रोज वेळेवर कॉफी घेऊन हजर असायचा, आणि आपल्या यशात या माणसाचा वाटा फार मोठा आहे, असं ट्रोलपने मोकळेपणाने मान्य केलंय. पंधरा मिनिटांचा हिशोब आम्हाला ऐकवतात, कॉफीवाला गाळून टाकतात. आमच्याकडे पहाटे साडेपाचला उठणारी बाई आधी इतरांचा चहा टाकते.

आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार घरातल्या वागण्याची आहे. पुस्तक उघडून बसलेला माणूस आपल्याकडे रिकामा समजतात. “बसलीच आहेस तर तेवढे मटार सोल.” “जरा गॅस बंद कर, तू काही करत नाहीयेस ना?” मावशी फोनवर विचारते, काय चाललंय? वाचतेय म्हटलं की ती खुशीत म्हणते, मग बोलायला वेळ आहे! त्याच घरात क्रिकेटचा सामना लागलेला असताना टीव्हीसमोर बसलेल्यांना कोणी मटार देत नाही. शेवटच्या षटकात दूध कुठे ठेवलंय हे कोणी विचारत नाही. सामना महत्त्वाचा आहे हे मलाही मान्य आहे. मी चौथं प्रकरण वाचत असते, तेव्हा तेही महत्त्वाचं असतं.

बाहेरही हेच. १५ ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलामांची जयंती, २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होते. हेतू चांगला आहे. मी काम करते त्या कार्यालयात त्या दिवशी सगळ्यांना सभागृहात बोलावून हातात एकेक पुस्तक दिलं, फोटो काढले आणि पुस्तकं परत घेतली. माझ्या हाती आलेलं पुस्तक मला खरंच वाचायचं होतं. आमच्या भागातलं ग्रंथालय संध्याकाळी साडेसातला बंद होतं. माझी लोकल स्टेशनात येते पावणेआठला. रविवारी ग्रंथालयाला सुट्टी.

ग्रंथालयांनी आठवड्यातून दोन दिवस तरी रात्री नऊपर्यंत दार उघडं ठेवावं. पगारदार वाचक तेव्हाच मोकळा होतो. कार्यालयांनी वाचन प्रेरणा दिनी फोटोऐवजी अर्धा तास द्यावा आणि तेवढ्या वेळात बैठक लावू नये. आणि घरात कोणी पुस्तक किंवा वही उघडून बसलं असेल, तर मटार आपण सोलावेत आणि दूध कुठे आहे ते फ्रीज उघडून बघावं.