नागपूरचे दर्यावर्दी

अंबाझरीच्या नावेत दोन चकरा मारल्या की नागपूरकर स्वतःला दर्यावर्दी समजू लागतो. मग दिवाळीच्या सुट्टीत तारकर्ली. सकाळीच भरपेट सुरमई, वर गालात खर्रा, आणि डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीत थेट टोकावर बैठक, कारण फोटो तिथूनच बरा येतो. बोट सगळ्यात जास्त हलते तीही तिथेच. नावाडी सांगत असतो, मधे बसा, क्षितिजाकडे बघा. भाऊ मोबाईलमध्ये.

आतला कान सांगतो, आपण हेलकावतोय. डोळे सांगतात, पडदा जागेवर आहे. भांडण या दोघांचं, शिक्षा पोटाला. गोळी असते, पण ती निघण्याआधी घ्यायची. आणि आधी घेणं म्हणजे भीती कबूल करणं! बीगल जहाजावर 1831 ते 1836 अशी पाच वर्षं डार्विनला बोट लागत राहिली, आरमार गाजवणाऱ्या नेल्सनचीही तीच गत. त्या दोघांनी ते पत्रांतून मोकळेपणी लिहिलं. आमचे भाऊ किनाऱ्यावर उतरतात, चूळ भरतात आणि बायकोला सांगतात, "लाटाबिटा काही नाही गं. इकडच्या रश्श्यात खोबरंच लय असते. सावजी असतं, तर काही झालं नसतं."