नटाला पीओ, कोडला नमस्कार

चाकणच्या कारखान्यात एखादा नट आत यायचा म्हणजे काय थाट! व्हेंडर कोड, रेटवरून घासाघीस, सॅम्पल अप्रूव्हल, ऑडिट, मग पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर. आता रावेतच्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या नव्या गाडीच्या स्क्रीनवर सेटिंग्ज उघडा आणि ‘ओपन सोर्स लायसन्स’ची मारुतीच्या शेपटीएवढी यादी बोटाने सरकवत जा. तिथे ‘कर्ल’ हे नाव सापडण्याची शक्यता दांडगी. नेटवरून माहितीची ने-आण करणारा हा प्रोग्राम स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून सांभाळताहेत. लायसन्समध्ये त्यांचा ईमेल असतो, म्हणून गाडीचं नेव्हिगेशन रुसलं की काही मालक थेट त्यांनाच तक्रार धाडतात. सर्व्हिस सेंटरचा मान मिळाला; लेबर चार्जचं तेवढं राहून गेलं.

परचेसचे साहेब म्हणतील, लायसन्समध्येच फुकट लिहिलंय, मग पैसे कसले? बरोबर. पण त्याच लायसन्सात हेही असतं की माल आहे तसा घ्या, हमी कसलीही नाही. नटवाल्याने असं लिहून दिलं असतं, तर साहेबांनी त्याला गेटवरूनच परत पाठवलं असतं. दुसरा आक्षेप वजनदार आहे: लिनक्सच्या गाभ्यावर बड्या कंपन्यांचे पगारी इंजिनियर राबतातच की. राबतात, पण ते जिथे नाव होतं, तिथे. असंख्य वेबसाइटींचं कुलूप असलेल्या ‘ओपनएसएसएल’ला वर्षाकाठी देणग्या मिळत जेमतेम दोन हजार डॉलर. २०१४ मध्ये त्यातलं ‘हार्टब्लीड’चं भगदाड उघडं पडलं, तेव्हा कुठे त्याच बड्यांनी काही आठवड्यांत लाखो डॉलर कबूल केले. पैसे नव्हते असं नाही, आग लागली नव्हती.

पैशाने सेवाभाव नासतो म्हणणाऱ्यांनी ‘एक्सझेड’ या ओपन सोर्स प्रोग्रामचं प्रकरण वाचावं. एकट्याने ओझं वाहून थकलेल्या स्वयंसेवकाने मदतीला आलेल्या अनोळखी हातात किल्ल्या दिल्या. २०२४ मध्ये त्याच हाताने पेरलेलं चोरदार उघडकीला आलं. फुकटची मदत कुणाला परवडते, हे यातून कळतं. झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीने त्याच वर्षी ओपन सोर्ससाठी दरसाल दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, चांगलं झालं. पण दानावर किती दिवस? मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने ‘ईआरपीनेक्स्ट’ या सॉफ्टवेअरचा कोड खुला ठेवला आणि होस्टिंगचं बिल लावलं. बिल आलं की परचेसला कागद मिळतो, कागद मिळाला की सही होते. स्टेनबर्गसुद्धा सपोर्टचं कंत्राट विकतात. साहेबांनी फक्त व्हेंडर फॉर्ममधला ‘कारखान्याचा प्लॉट नंबर’ हा रकाना ऐच्छिक करायचा आहे.