बंड्या बोटीवर जायचं म्हणतो

शेजारच्या वहिनींचा बंड्या बोटीवर जायचं म्हणतोय, ही बातमी मला कळायच्या आधी मासळीवालीला कळली होती. पाटी उतरवता उतरवता ती म्हणाली, "बाजूचा पोरगा फॉरेनला चाललाय म्हणे." बारावीचा निकाल लागून आठवडा झाला नाही, आणि फॉरेन! गडग्यापाशी जाऊन उभं राहणं भागच होतं. पलीकडे वहिनी कढीलिंबाच्या फांदीशी उगाच झटापट करत होत्या. नुसती पानं हवी असती तर केव्हाच तोडून झाली असती.

"खरंय का हो?"

"खरंच हो बाई. इंजिनिअरिंग नको, बँकेच्या परीक्षा नकोत. म्हणतो, मला जग बघायचंय. मोबाइलवर कुणी पांढऱ्या गणवेशातला पोरगा बघितला, मागे सिंगापूर. तेव्हापासून आमच्याकडे जेवताना सिंगापूर, झोपताना सिंगापूर."

तेवढ्यात वरच्या अंगाने नानी आल्या. आमच्या रत्नागिरीत दर चौथ्या घरात कुणीतरी बोटीवर असतो किंवा होता. नानींचे यजमान सारंग म्हणून निवृत्त झाले. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या. नानी स्वतः मुंबईच्या पुढे कधी गेल्या नाहीत, पण जगातली बंदरं त्यांना एसटीच्या थांब्यांसारखी पाठ आहेत.

"सिंगापूर?" नानी म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी किती वेळा बघितलं, गो. लांबून. नुसते दिवे."

"असं कसं? बोट बंदराला लागते ना?"

"लागते की. पूर्वी आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस लागून असायची. गोणी उतरायच्या, पेट्या चढायच्या. हे बाजारात जाऊन माझ्यासाठी जपानी साडी आणायचे. आता सगळे डबे. क्रेन येते, डबे उचलते, दुसरे ठेवते, की चला! कधी कधी दिवससुद्धा पुरा होत नाय. आणि त्या दिवसात तर सगळ्यात जास्त काम. तेलाची बोट असली तर ती गावापासून कुठच्या कुठे लांब लागते, कधी भर समुद्रात बोयाला बांधतात. जग बघायला गेलेला पोर जगातलं पाणी बघून येतो."

वहिनींचा चेहरा थोडा उजळला. बंड्याला परावृत्त करायला एवढं पुरेल असं वाटलं असावं. पण बंड्या मागच्या पडवीत कान लावून होताच. तो बाहेर आला आणि म्हणाला, "नानी, पाणी पण चालेल."

"चालेल? मेल्या, कॅडेट म्हणून गेलास की आधी हातात हातोडी देतील. गंज खरवड, रंग लाव. एका टोकापासून सुरुवात करायची, दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर पहिल्या टोकाला परत गंज. पुढे अधिकारी झालास की पहारा. थर्ड ऑफिसरचा सकाळी आठ ते बारा आणि रात्री आठ ते बारा. सेकंडचा दुपारी बारा ते चार, मध्यरात्री बारा ते चार. समोर काय? काय नाय. उद्या काय? तेच. पश्चिमेला चाललात तर मधूनमधून रात्री घड्याळ तासभर मागे करायचं, तेवढाच बदल."

मला इथे नानींची बाजू घ्यावीशी वाटते. मुलं धाडसाचं करिअर म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे लाट असते. पण ते करिअर सगळं लाट नसलेल्या दिवसांवर उभं असतं, हे त्यांना कोणी सांगत नाही. कंटाळा सोसण्याची ताकद हा कुठल्याच प्रवेशपरीक्षेतला विषय नाही.

"मग धाडस काहीच नाही?" बंड्या हिरमुसला.

"आहे ना," मी म्हटलं. "मार्च 2021 मध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' नावाची बोट आडवी अडकली, तिच्यावरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी भारतीय होते. मार्च 2024 मध्ये बाल्टिमोरला 'डाली' या बोटीची वीज गेली आणि ती पुलावर आदळली. तिच्यावर वीस भारतीय आणि एक श्रीलंकेचा. त्या पोरांना पुढे कित्येक आठवडे बोटीवरून उतरता आलं नाही. तपासासाठी फोनसुद्धा काढून घेतले होते."

"फोन घेतले?" वहिनी. बोट पुलावर आदळली याचं त्यांना तेवढं काही वाटलं नव्हतं. "मग आयांनी काय करायचं?"

"आयांनी काय करायचं ते मी सांगते," नानी म्हणाल्या. "माझे सासरे गेले तेव्हा हे ब्राझीलच्या वाटेवर. आम्ही कंपनीला तार केली, कंपनीने बोटीला रेडिओवरून कळवलं. ह्यांना कळलं तेव्हा इथे तिसरा दिवस उजाडला होता. धाकटा झाला तेव्हाही तसंच. हे आले तेव्हा तो रांगत होता आणि ह्यांना बघून माझ्यामागे लपला. आता बोटीवर वायफाय असतं म्हणतात. बरंय. म्हणजे घरची रडारड रोजच्या रोज कळते."

कढीलिंबाची फांदी एव्हाना साफ झाली होती. वहिनींनी सोनचाफ्याकडे मोर्चा वळवला.

"पण लग्नाचं कसं हो? मुलगी कोण देतं बोटीवरच्याला?"

"देतात गो! डॉलर म्हटलं की डोळे झाकून देतात. मग कळतं की पुष्कळांना बोटीवर असतील तेवढ्याच महिन्यांचा पगार. उतरला की मीटर बंद. पहिला महिना मटण, दुसरा महिना मासे, तिसऱ्या महिन्यात कंपनीला फोन, 'मला कधी बोलावता?'"

बंड्याची धाकटी बहीण पायरीवर गणितं सोडवत होती. म्हणजे सोडवत आहे असं आम्हाला वाटत होतं. ती एकदम म्हणाली, "मुली जातात का बोटीवर?"

"जातात की," मी म्हटलं. "राधिका मेनन कॅप्टन आहेत. 2015 च्या जूनमध्ये बंगालच्या उपसागरात खवळलेल्या समुद्रातून त्यांनी सात मच्छीमार वाचवले. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं शौर्यपदक मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्याच बाई."

"तू गणितं कर," वहिनी म्हणाल्या, जरा घाईनेच.

मग जायचं कसं, याची चौकशी सुरू झाली. मी शिकवत होते तेव्हा असली माहिती मुलांना काढून द्यावी लागायची, म्हणून ती तोंडपाठ आहे. बारावीला भौतिक, रसायन, गणित मिळून साठ टक्के, इंग्रजीत दहावीला किंवा बारावीला पन्नास. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी द्यायची. वर्षभराचा नॉटिकलचा डिप्लोमा केला तर नंतर दीड वर्ष समुद्रावर काढायचं, मग सेकंड मेटची, म्हणजे अधिकारी होण्याची, परीक्षा. तीन वर्षांची बीएस्सी केली तर समुद्रावरचं वर्ष एकच. आणि डेकवर जायचं तर नजर चष्म्याविना चोख हवी, रंगांत गडबड चालत नाही.

नानींनी परीक्षा जागेवरच घेतली. "बंड्या, त्या दोरीवरचा टॉवेल कसला?"

"हिरवा."

"त्याच्या बाजूचा?"

"लाल."

"हां. बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. काळोखात समोरची बोट कुठे तोंड करून आहे ते त्यावरूनच कळतं."

बंड्या त्या टॉवेलांकडे असा बघत राहिला की मला वाटलं, हा गेला. आता ह्याला कोणी थांबवत नाही. वहिनींनाही ते दिसलं असावं, कारण त्यांनी आवाज खाली आणला आणि पोटातली खरी गोष्ट बाहेर काढली.

"बाई, मुंबईचे एक साहेब आहेत. ते म्हणतात, कोर्सबिर्स काही नको. सात लाख द्या, दोन महिन्यांत बोटीवर चढवतो. अर्धे सोमवारी द्यायचेत. ह्यांनी एफडी मोडायला काढलीय."

नानी गडग्यावर अशा रेलल्या की वरचा एक चिरा हलला.

"सात लाख कसले गो? कोर्सची फी वेगळी, ती कॉलेजात भरायची, पावती घ्यायची. पण नोकरी लावायला खलाशाकडून पैसे घ्यायचेच नाहीत, कायदाच आहे तसा! भरती करणाऱ्याकडे सरकारचा परवाना लागतो."

मी भर घातली, "आरपीएसएल म्हणतात त्याला. कोणाकडे आहे त्याची यादी सरकारच्या डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर असते. असल्या साहेबांच्या नादाने गेलेली पोरं भलत्याच बोटीवर जातात. मालक ती बोट परक्या बंदरात सोडून देतो, ना पगार, ना धड खाणं, ना उतरायची सोय. अशा अडकलेल्यांत आपली माणसं फार आहेत."

"लाव फोन," नानी म्हणाल्या. "आत्ता लाव. स्पीकरवर."

वहिनींनी लावला. साहेबांनी पहिल्याच रिंगला उचलला. "बोला मॅडम, पैशांची व्यवस्था झाली का?"

"होतेय, होतेय. ह्यांना तेवढा तुमच्या परवान्याचा नंबर हवाय. आरपीएसएलचा."

पलीकडे शांतता. मग, "मॅडम... आवाज तुटतोय... मी जरा बोटीवर आहे..." आणि फोन बंद.

वहिनींनी पुन्हा लावला. स्विच ऑफ.

"बोट लागली गो त्याला," नानी म्हणाल्या.