शेठ, सोवळं आणि न्यायमूर्ती

30 मार्च 2025 ला विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे शहरात इलॉन मस्क चीजच्या तुकड्यासारखी पिवळीधमक टोपी चढवून सभेला आले. निवडणुकीत पुढारी लोकांना टोपी घालतात हे आपल्याला पाठ आहे. शेठच ती घालून येतात, ही नवलाई. सभेत त्यांनी दोघा जणांना दहा-दहा लाख डॉलरचे चेक वाटले. निवडणूक होती राज्याच्या सुप्रीम कोर्टातल्या एका जागेची. हो, तिकडे बऱ्याच राज्यांत न्यायमूर्तीही मतं मागत फिरतात. त्या एका खुर्चीपायी दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे दहा कोटी डॉलर उडाले. त्यातले दोन कोटींच्या वर मस्क आणि त्यांच्याशी जोडलेल्या गटांचे. मस्क म्हणाले, प्रश्न मानवजातीच्या भवितव्याचा आहे. टेस्लाने जानेवारीतच राज्यावर दावा ठोकला होता, आमच्या गाड्या आमच्याच शोरूममधून विकू द्या म्हणून. तोही मानवजातीचाच प्रश्न म्हणायचा.

1 एप्रिलला मस्क यांचे उमेदवार ब्रॅड शिमेल दहा टक्क्यांनी पडले आणि सुझन क्रॉफर्ड निवडून आल्या. पैसा हरला म्हणून लगेच पेढे वाटले गेले. पेढे खाणाऱ्यांनी हे विचारलं नाही की क्रॉफर्डबाईंच्या बाजूचा पैसा कुठून आला. जॉर्ज सोरोस यांचे वीस लाख आणि इलिनॉयचे अब्जाधीश गव्हर्नर प्रित्झकर यांचे पंधरा लाख डॉलर राज्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या गल्ल्यात पडले होते, आणि 2015 च्या कायद्याने पक्षाला आपल्या उमेदवाराकडे हवी तेवढी रक्कम वळवता येते. कायदा केला होता रिपब्लिकनांनी. सून सासूची साडी नेसून मिरवली, एवढंच.

पण खरी गंमत पक्षाबाहेरच्या गटांची. उमेदवाराला थेट देणगी द्यायची तर मर्यादा आहेत, पण बाहेर गट काढून त्याच्यासाठी खर्च करायचा तर कोट्यवधी उधळा. अट एकच: उमेदवाराशी संगनमत नको. थोडक्यात सोवळं पाळायचं. एकमेकांना शिवायचं नाही, लांबून बोललं तर चालतं. म्हणून अमेरिकेतले कित्येक उमेदवार आपल्या वेबसाइटवर लाल चौकट टाकतात. ‘मतदारांनी हे पाहायला हवं’ असं तिथं लिहिलं, की बाहेरच्या गटाने समजायचं, टीव्हीवर जाहिरात हवी. ‘वाचायला हवं’ म्हणजे घरोघर टपालाने पत्रकं. सामान्य मतदार ती चौकट पाहून बुचकळ्यात पडतो, कारण ती त्याच्यासाठी नसतेच. स्टीफन कोल्बेअर या विनोदवीराने 2012 मध्ये आपला असा गट टीव्हीवर, प्रेक्षकांसमोर, सही करून मित्र जॉन स्टुअर्टच्या हवाली केला होता, म्हणजे स्वतः उमेदवारीचं बोलायला मोकळा. लोक पोट धरून हसले. कायद्याच्या दृष्टीने मात्र सगळं बिनचूक होतं.

हे सोवळं किती कामाचं ते पाहायला वेस्ट व्हर्जिनियात जायला हवं. तिथे 2002 साली ज्युरीने मॅसी एनर्जी या कोळसा कंपनीला 5 कोटी डॉलरची भरपाई द्यायला सांगितलं, एका छोट्या खाणवाल्याचा धंदा बुडवला म्हणून. अपील जाणार राज्याच्या सुप्रीम कोर्टात, आणि 2004 मध्ये तिथल्या एका जागेची निवडणूक. मॅसीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी 30 लाख डॉलर काढले. उमेदवार ब्रेंट बेंजामिन यांच्या हातात त्यातले फक्त एक हजार, कायद्यात बसतील तेवढे. जवळपास 25 लाख गेले एका बाहेरच्या गटाला. गटाचं नाव ‘अँड फॉर द सेक ऑफ द किड्स’, म्हणजे ‘आणि लेकरांसाठी’. मुळात ‘आणि’ने सुरू होणारं नाव म्हणजे आधीचं काहीतरी गाळलेलं असणार. काय गाळलं ते मॅसीच्या हिशेबनिसाला ठाऊक.

गटाच्या जाहिरातींत कोळशाचा कण नव्हता, 5 कोटींचा उल्लेख नव्हता. विद्यमान न्यायमूर्ती वॉरन मॅकग्रॉ यांनी बालकांवर अत्याचार करणाऱ्याला मोकळं सोडलं, एवढाच ठणाणा. आईबापांच्या काळजाला हात घालणारा. मॅकग्रॉ पडले, बेंजामिन 53 टक्के मतं घेऊन आले. पुढे मॅसीचं अपील समोर आलं. बेंजामिन यांनी बाजूला व्हावं म्हणून पुन्हा पुन्हा अर्ज झाले, ते हलले नाहीत. 2007 मध्ये निकाल लागला: तीन विरुद्ध दोन, 5 कोटींची भरपाई रद्द. तिघांत बेंजामिन होते. तिघांतल्याच दुसऱ्या न्यायमूर्तींचे ब्लँकनशिप यांच्यासोबत युरोपातल्या समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी घालवतानाचे फोटो बाहेर आले, तेव्हा ते बाजूला झाले. फेरसुनावणी झाली. बेंजामिन तिथेच. निकालही तोच, तीन विरुद्ध दोन. तीस लाखांत पाच कोटी सुटले. दलाल स्ट्रीटवर असा परतावा कुणी कबूल केला तर सेबी दारात येईल.

जून 2009 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की बेंजामिन यांनी बाजूला व्हायलाच हवं होतं. निकाल लिहिला न्या. अँथनी केनेडी यांनी. इतका मोठा खर्च झाल्यावर पक्षपाताची शंका येणारच, असा त्यांचा सूर. आणि जानेवारी 2010 मध्ये, सात महिन्यांनी, ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात पुन्हा पाच विरुद्ध चार, पुन्हा लेखणी केनेडींची. या वेळी त्यांचं म्हणणं, की उमेदवारापासून स्वतंत्रपणे केलेल्या खर्चातून भ्रष्टाचार होत नाही आणि झाल्यासारखा दिसतही नाही. जूनमध्ये जो हत्ती दिसला तो जानेवारीत दिसेनासा झाला! मॅसीचा खटला मात्र परत वेस्ट व्हर्जिनियात गेला आणि 2009 च्या नोव्हेंबरात, बेंजामिन यांच्याशिवायही, मॅसीच जिंकली.

(आपण नाकं मुरडायचं कारण नाही. विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाखांची मर्यादा आणि त्याच्या पक्षाला मर्यादाच नाही, हे आपलं घरचं सोवळं.)

विस्कॉन्सिनने बेंजामिन यांच्यासारखी अडचण आपल्या न्यायमूर्तींवर येऊच दिली नाही. निव्वळ निवडणुकीतल्या देणग्यांमुळे किंवा खर्चामुळे न्यायाधीशाने बाजूला होण्याची गरज नाही, असा नियमच 2010 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने करून टाकला. मसुदा कुणाचा? राज्यातल्या उद्योजकांच्या संघटनेचा आणि घर-जमीन दलालांच्या संघटनेचा. यातल्या उद्योजक संघटनेने त्याच कोर्टाच्या आधीच्या निवडणुकांत जाहिरातींवर भरपूर डॉलर ओतले होते. देणाऱ्यानेच घेणाऱ्याला उपकारातून मोकळं केलं. इतका दिलदार सावकार कुठल्या मराठी सिनेमात पाहिलाय?

2017 मध्ये 54 निवृत्त न्यायाधीशांनी अर्ज केला की हा नियम कडक करा. कोर्टाने पाच विरुद्ध दोन मतांनी तो फेटाळला. अर्जदार सगळे निवृत्त, हे साहजिकच. त्यांना परत निवडणूक लढवायची नव्हती.